फरशीवरचं गाव

आमच्या चौथीच्या वर्गात एकशेचाळीस फरश्या.
सुपडूने मोजल्या, दोनदा,
पहिल्यांदा कपाटाखालच्या राहिल्या म्हणून.

मी म्हटलं, पुस्तकं मिटा, आज गाव काढू.
एक फरशी म्हणजे पन्नास पावलं.
पावलं कोन्ही? यामिनीने विचारलं,
मन्ही का तुम्हनी?
तिथेच अर्धा तास गेला.
टाचेला अंगठा लावत सगळे व्हरांड्यात भांडले
आणि शेवटी यामिनीचंच पाऊल धरलं,
विचारलं तिने होतं.

आठवडाभर मग गाव मोजत होतं.
दुधाला जाताना, दळण आणताना,
कुणी हाक मारली की आकडा विसरायचा
आणि पुन्हा घरापासून सुरुवात.

शनिवारी दप्तरांतून सरकी निघाली, चिंचोके,
तुरीच्या काड्या, कान तुटलेला कप, तो पाण्याची टाकी,
आणि हिनाची जुनी निळी ओढणी. ती अनेर झाली.
ओढणीला दोन भोकं होती.
तठे डोह शे, तिचा भाऊ म्हणाला.
हिरवा खडू एकच,
अर्धी केळी पांढरीच राहिली.
ज्या कुत्र्याला सगळे घाबरतात त्याचा ओटा
प्रत्येकाने काढला, प्रत्येकाने वेगळ्या जागी.
पायल आणि रुक्साना जूनपासून बोलत नव्हत्या,
कारण मला माहीत नाही.
त्यांच्या परसाला एकच भिंत निघाली.
भिंत कुणी काढायची यावर
दोघी बोलल्या. म्हणजे भांडल्या. पण बोलल्या.

खुमसिंग खडू धरून उभा.
डोंगराकडच्या पाड्यावरून येतो,
सहा महिन्यांत माझ्याशी जेमतेम दहा शब्द.
तुन्हं घर कोठे शे रे?
त्याने दाराबाहेर बोट केलं.
दोघंतिघं हसले. यामिनी नाही हसली.
किती पावलं? तिने विचारलं.
त्याने वही उघडली:
पाच-पाच काड्यांच्या जुड्या, पानामागून पानं,
चिखलाचा एक अंगठाही उमटलेला.
चार हजार आठशे.
कुणी न सांगता सुपडू फळ्याकडे गेला,
भागाकार केला: शहाण्णव फरश्या.

बाहेर फरशी कुठली!
फरशीएवढी तुरीची काडी मोडून घेतली
आणि वर्ग ओणवा होऊन निघाला.
उंबरा, व्हरांडा, हापशीचा ओलावा,
निंबाखाली अठ्ठेचाळीस,
एकाहत्तरला कंपाउंडची भिंत.
मी थांबा म्हणायला हवं होतं.
पलीकडे हिलाल आप्पा कापसाला पाणी देत होते.
म्हणाले, सरीतून चाला, बोंडं तोडू नका.
शहाण्णवाव्या काडीला
खुमसिंगने एक दगड ठेवला,
मग उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

सोमवारी हजेरी नकाशावर.
ज्याने त्याने आपल्या घरावर उभं राहायचं.
मी नावं घेत गेले. गिरणीजवळून हजर,
डोहाशेजारून हजर,
एका भिंतीच्या दोन बाजूंनी हजर, हजर.
खुमसिंग बारेला, मी दारात येऊन ओरडले,
आणि वर्ग गप्प झाला.
वर्षभर छडीशिवाय, छडीनेही,
असा गप्प मी कधी पाहिला नव्हता.
कान सगळे दाराकडे.
कापसावरून, भिंतीवरून, निंबाखालून
आवाज आला, थोडा उशिरा,
आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा.

बुधवारी तपासणी होती, फरशी पुसावी लागली.
रकाना होता: उपक्रमाचा फोटो जोडा.
जोडला. त्यात तो नाही,
तो मावत नव्हता.

आता खुमसिंग दुसऱ्या रांगेत बसतो,
नाव घेतलं की लगेच हजर म्हणतो.
तरी पुढचं नाव घ्यायच्या आधी
मी थांबते, मुलंही थांबतात,
कापूस ओलांडायला लागेल एवढाच वेळ.

हिनाची अनेर कपाटात घडी करून ठेवलीय.
ती मागत नाही.